शिलाँगला गाणी ऐकायला

गुरुवार

मे महिन्यात शिलाँगला जायचं तर २४ तारीख धरूनच जायचं, हे माझं कधीचं ठरलेलं होतं. २४ मे हा अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलनचा वाढदिवस, आणि शिलाँगचे गायक लू माजॉ १९७२ पासून दर वर्षी त्या दिवशी डिलनची गाणी गातात. मेघालय राज्य झालं तेही १९७२ मध्येच. राज्याच्या वयाइतकी वर्षं एका माणसानं एक दिवस असा पाळावा, हे ऐकल्यापासून मला तिकडे जायचंच होतं.

मी स्वतः काही वाजवत नाही, मी ऐकते. पुण्या-मुंबईच्या छोट्या जागांमध्ये, साठ-सत्तर माणसांसमोर आपली स्वतःची गाणी घेऊन उभे राहणारे बँड ऐकण्यात माझे बरेचसे शनिवार जातात आणि पगारातला बरा हिस्साही. तो सत्कारणी लागतो असं माझं ठाम मत आहे. या वेळी बरोबर मावसभाऊ होता. तो बेस गिटार वाजवतो. त्याच्या बँडची मराठी गाणी चांगली तयार आहेत, पण वाजवायला जागा मिळाली की मालकाची अट ठरलेली असते : दोन तुमची घ्या, बाकी लोकांना पाठ असलेली. विमानात तो म्हणाला, "ताई, आमची दोन गाणी संपेपर्यंत लोक मेन्यूकार्ड वाचत असतात. ओळखीचं गाणं लागलं की मग माना वर होतात." मी म्हटलं, "म्हणूनच तुला घेऊन चाललेय."

गुवाहाटी ते शिलाँग साधारण शंभर किलोमीटर. जोराबातला रस्ता फुटतो आणि चढ सुरू होतो. नाँगपोहला सगळ्या गाड्या थांबतात तशी आमचीही सुमो थांबली. अननसाच्या फोडी खाल्ल्या, लाल चहा प्यायलो. उमियामचा तलाव दिसला की शिलाँग आलंच म्हणायचं. सुमोच्या ड्रायव्हरनं वाटभर खासी गाणी लावली होती. गिटार, ड्रम, मध्येच एक तंतुवाद्य. कोण गातंय विचारलं तर त्यानं नाव सांगितलं, वर कुठल्या वस्तीतला आहे तेही सांगितलं, आणि त्याचा भाऊ कुठे वाजवतो तेही. मावसभाऊ माझ्याकडे बघून हसला. पुण्यात कुठल्या रिक्षावाल्याला आमच्या बँडचा पत्ता माहीत असणार आहे!

संध्याकाळी पोलीस बाजारात फिरायला बाहेर पडलो. स्थानिक लोक या चौकाला खिनदाइलाड म्हणतात. मोमोची दुकानं, लोकरीच्या टोप्या, पर्यटकांची गर्दी, आणि त्या सगळ्यात एका बाजूला दोन स्पीकर, एक कीबोर्ड, गिटार घेतलेला एक मुलगा आणि गाणारी एक मुलगी. समोर पैसे टाकायला टोपी नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, हा मेघालय सरकारचा ग्रासरूट्स म्युझिक प्रोजेक्ट. राज्यातल्या कलाकारांनी नाव नोंदवायचं, सार्वजनिक ठिकाणी वाजवायचं आणि त्याचं मानधन सरकारनं द्यायचं. कल्पना साधीच आहे. पण गाणाऱ्याला रस्त्यावर उभं राहून गाण्याचे पैसे मिळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट ऐकायला मिळतं, हे मी आमच्याकडे कुठे पाहिलेलं नाही. त्या मुलीनं दोन इंग्रजी गाणी म्हटली, मग एक खासी. खासी गाणं सुरू झालं तेव्हा मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईनं हातातला पंखा थांबवून ऐकलं.

शुक्रवार

दिवसभर पाऊस. शिलाँग साधारण १,५०० मीटर उंचीवर आहे आणि मेच्या अखेरीला ढग अंगावरूनच जातात. दुपारी एका छोट्या हॉटेलात जादोह खाल्लं. मांसात शिजवलेला हा हळदीचा भात. सोबत काळ्या तिळातलं पोर्क, ज्याला दोहनेइओंग म्हणतात. दोन्ही भरपूर खाल्लं आणि रात्रीची वाट बघत बसलो.

रात्रीचा कार्यक्रम लाइतुमख्राच्या एका कॅफेत होता. ही वस्ती शाळा-कॉलेजांची, त्यामुळे तिथे सगळीकडे तरुण पोरं. काळ्या-पिवळ्या मारुती टॅक्सीत आणखी तिघांबरोबर दाटीवाटीनं बसून पोचलो. शेअर टॅक्सी ही तिथली रीतच आहे. साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, चालू होता म्हणून मावसभाऊ खूश झाला. त्याच्या मते बँड कसा आहे हे साउंड चेकलाच कळतं. ड्रमर एकच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत होता आणि त्याच्या डाव्या हाताला, हाय-हॅटच्या झांजांपलीकडे, क्सिंग ठेवला होता. क्सिंग म्हणजे खासी ढोल. बेसवाला ॲम्पचा आवाज कमी करत करत इतका खाली आणत होता की शेवटी क्सिंगची थाप बेसच्या वर स्वच्छ ऐकू यायला लागली. मावसभाऊ पुटपुटला, "याला कळलंय रे." बेसवाल्यानं स्वतःहून आवाज कमी करणं ही काय चीज आहे हे गिगला जाणाऱ्यांना सांगायला नको.

चौघांचा बँड होता. गाणारी मुलगी गिटारही वाजवत होती, ड्रमर, बेस, आणि चौथा दुइतारावाला. आदल्या दिवशी सुमोत ऐकलेलं तंतुवाद्य ते हेच. दीड तास वाजवले, आणि सगळी गाणी त्यांची स्वतःची. काही इंग्रजीत, बरीचशी खासीत. एकही कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, नाही, आणि कोणी मागितलंही नाही. कॅफे भरलेला होता, लोक पायऱ्यांवर बसले होते. गाणं चालू असताना बोलायचं नाही, दोन गाण्यांच्या मध्ये मनसोक्त बोलायचं, असा जणू अलिखित नियमच. तिसऱ्या गाण्याचं धृपद आलं तेव्हा अख्ख्या कॅफेनं ते उचललं, नुसतं एका सुरात नाही, वरच्या आणि खालच्या सुरांत वाटून. माझ्या शेजारची मुलगी खालचा सूर धरून होती आणि तिचा मित्र वरचा. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

पाचवं की सहावं गाणं लुखा नदीचं होतं. गाण्याआधी त्या मुलीनं इंग्रजीत थोडक्यात सांगितलं. लुखा ही पूर्व जैंतिया हिल्समधली नदी. हिवाळ्यात तिचं पाणी निळंशार होतं, फोटो काढायला लोक थांबतात, पण त्या निळ्या पाण्यात मासे मरतात. वरच्या डोंगरात कोळशाच्या खाणी आहेत, उंदराच्या बिळासारख्या अरुंद. त्यांतून झिरपणारं आम्ल नदीत उतरतं. २०१४ मध्ये हरित लवादानं अशा खाणींवर बंदी घातली, तरी डिसेंबर २०१८ मध्ये क्सानच्या खाणीत पाणी घुसून पंधरा मजूर अडकलेच. गाणं फार शांत होतं. दुइतारा तेच चार सूर घोळवत राहिला, आणि शेवटी फक्त क्सिंग उरला. टाळ्या लगेच नाही आल्या, पण आल्या तेव्हा थांबेनात.

माझं म्हणणं इथेच आहे. लुखाचं गाणं दुसरं कोण लिहिणार? लंडनहून किंवा मुंबईहून ते येणार नाही. जैंतियाच्या डोंगरात काय चाललंय हे तिथल्या पोरांनाच माहीत, आणि त्यांनी ते गाण्यात आणलं नाही तर ते गाण्यात येणारच नाही. पाठ असलेली गाणी ऐकायला मलाही आवडतात. पण सगळ्या जागा, सगळे शुक्रवार-शनिवार त्यांनाच दिले तर आपल्या नद्यांची, आपल्या झाडांची, आपल्या गल्लीची गाणी वाजणार कुठे?

कार्यक्रम संपल्यावर बँडशी गप्पा झाल्या. दुइतारावाल्यानं वाद्य मावसभावाच्या हातात दिलं. एका लाकडात कोरलेलं, पोटावर कातडं ताणलेलं, चार तारा. पूर्वी या तारा मुगा रेशमाच्या असायच्या, आता बरेच जण नायलॉन लावतात. छेडायला लाकडाची छोटी चकती. हातात हलकं लागतं आणि आवाज कोरडा, ठसठशीत. आपल्या एकतारीसारखा तो मागे रेंगाळत नाही, छेडला की लगेच थांबतो, म्हणून ड्रमच्या ठेक्यात चपखल बसतो. त्यांनी अभिमानानं सांगितलं की दुइतारा बनवणारे आणि वाजवणारे रिसिंगबोर कुर्कालांग यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि पुढे त्यांच्या शहराची यादीच सुरू झाली. रूडी वालांग आणि टिप्रिती खारबांगर यांचा सोलमेट हा ब्लूज बँड २००७ मध्ये मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत भारताकडून उतरला होता. प्लेग थ्रोट हा डेथ मेटल बँड २०१४ मध्ये जर्मनीतल्या वाकनच्या मेटल महोत्सवात वाजवून आला. समरसॉल्ट खासी लोकसंगीत आणि रॉक एकत्र वाजवतात. खासी ब्लड्झ खासीत आणि इंग्रजीत रॅप करतात. एवढ्याशा शहरात ब्लूज, मेटल, रॅप, कॉयर म्हणजे समूहगान, सगळं नांदतं, आणि मेटलवाल्याला ब्लूजवाल्याची गाणी माहीत असतात.

"तुमच्याकडे काय चालू आहे?" असं त्या मुलीनं विचारलं. मी फोनवर मुंबईच्या स्वदेशी या हिप-हॉप गटाचं २०१९ मधलं गाणं लावलं. त्यात एमसी मवालीचा मराठी रॅप आहे आणि आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज. आरेची झाडं, मेट्रोची कारशेड, वारली पाडे, सगळं मी जमेल तसं समजावून सांगितलं. ड्रमरनं ते दोनदा ऐकलं, टेबलावर ठेका धरला आणि म्हणाला, हे तर आमच्या लुखाचंच झालं. मग मावसभावाला सगळ्यांनी आग्रह केला, तेव्हा त्यानं आपलं मराठी गाणं नुसत्या बेसवर वाजवून म्हणून दाखवलं. शब्द कोणालाच कळत नव्हते, पण धृपदाला खालचा सूर दोघांनी लावलाच.

शनिवार

आज २४ मे. सकाळपासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

लू माजॉंचा जन्म १९४७ चा. तरुणपणी कलकत्त्यात राहताना त्यांना डिलन भेटला, म्हणजे डिलनची गाणी, आणि मग तो सुटलाच नाही. लांब पांढरे केस, गुडघ्याच्या बऱ्याच वर कापलेली जीन्स, दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे. फोटोत पाहिलेला हा माणूस समोर उभा राहिला तेव्हा वयाचा विचार मनात आलाच नाही. मंचावर ते स्वस्थ उभे राहत नाहीत. गुडघ्यात वाकतात, उड्या मारतात, गिटार छातीशी धरून पुढे झेपावतात. डिलनच्या मूळ ध्वनिमुद्रणांत जो एक कंटाळल्यासारखा, बाजूला उभं राहून बघणारा आवाज आहे, तो इथे अजिबात नाही. माजॉ ती गाणी ओरडून, घाम गाळून, समोरच्याला हलवून गातात. जमलेल्यांत आजोबा होते, त्यांची मुलं होती, नातवंडं होती. कित्येकांना सगळे शब्द पाठ.

मी इथे कव्हर ऐकायला आले, आणि काल कव्हरविरुद्ध एवढं बोलले. मावसभावानं तेच विचारलं. मला वाटतं, या दोन गोष्टींत फरक आहे. लोकांना ओळखीचं हवं म्हणून वाजवलेलं कव्हर वेगळं, आणि एखाद्याच्या लिखाणावर जीव जडला म्हणून आयुष्यभर गायलेलं गाणं वेगळं. शिवाय माजॉ आपली गाणीही लिहितात, आणि द ग्रेट सोसायटी या त्यांच्या बँडनं शिलाँगच्या पुढच्या पिढीला मंचावर कसं उभं राहायचं ते दाखवलं. रूडी वालांग त्याच बँडमधले. शिलाँगच्या पोरांनी आधी दुसऱ्यांची गाणी जीव तोडून गायली, गाण्यातला शब्द केवढा वजनदार असू शकतो हे त्यातून त्यांना कळलं, आणि मग त्यांनी आपले शब्द लिहिले.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या कॉलेजांमधून बँड परदेशी गाणीच वाजवत. १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला, रंगभवनात हजारो पोरं जमायला लागली. रॉक मशीन या बँडनं १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, पुढे तेच इंडस क्रीड झाले. पुढे आवाजाच्या नियमांमुळे रंगभवन गाण्याला बंद झालं. धोबी तलावाजवळची ती उघड्यावरची जागा, स्टेशनपासून चालत जाण्याजोगी, विद्यार्थ्याला परवडणारी. तसं दुसरं ठिकाण मुंबईला पुन्हा मिळालं नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. जागा गेली की नुसता कार्यक्रम जात नाही, तिथे येऊन पहिल्यांदा गिटार ऐकणारी पुढची पोरंही जातात.

रात्री परतताना पाऊस थांबला होता. धनखेतीच्या बाजूला डिलनच्या नावाचा कॅफे आहे, तिथे कॉफी प्यायलो. भिंतींवर डिलन आणि माजॉ शेजारी शेजारी.

रविवार

रविवारी शिलाँगचा मोठा बाजार, इयेवडूह, बंद. शहराचा बराचसा भाग चर्चमध्ये असतो. आम्हीही मॉखारच्या प्रेस्बिटेरियन चर्चला गेलो, मागच्या बाकावर बसलो. शुक्रवारी कॅफेत लोकांनी सूर वाटून कसे घेतले, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

थॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी १८४१ मध्ये सोहराला, म्हणजे चेरापुंजीला आला. त्यानं खासी भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली, आणि वेल्श लोकांची चार आवाजांत स्तोत्रं म्हणायची पद्धतही त्याच वाटेनं या डोंगरात उतरली. माझ्या शेजारच्या आजींनी आपलं स्तोत्रांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. त्यात पाच ओळींवरची पाश्चात्य स्वरलिपी नव्हती. नुसती रोमन अक्षरं, डो-रे-मीची पहिली अक्षरं, मध्ये विसर्गासारख्या दोन टिंबांच्या खुणा आणि उभ्या-आडव्या रेघा, एकाखाली एक चार ओळी. चार आवाजांच्या चार ओळी. आपल्या भातखंडे लिपीत सा-रे-ग-म लिहितात त्याच तत्त्वाची ही टॉनिक सोल्फा. वाद्य न शिकलेला माणूसही ती वाचून आपला सूर धरू शकतो. आजींनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि गायला लागल्या. बोट अक्षरागणिक पुढे सरकत होतं, आडव्या रेघेवर थांबत होतं, आणि आवाज नेमका तिथेच लांबत होता. समोरच्या बाकावरच्या शाळकरी मुलानं पुस्तक न बघता खालची ओळ धरली होती.

लहानपणापासून दर रविवारी हे करणाऱ्या शहरात चांगले बँड निघाले तर त्यात नवल नाही. नील नाँगकिनरिह यांनी २००१ मध्ये उभं केलेलं शिलाँग चेंबर कॉयर अख्ख्या देशाला माहीत झालं ते २०१० मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकल्यावर. २०२२ च्या जानेवारीत नील गेले. पण त्यांच्या कॉयरला ऐकणारे कान घरोघरी आधीपासून तयार होते, हे त्या चर्चमध्ये बसल्यावर कळतं.

बाहेर पडताना आजींनी क्वाय पुढे केला. पानावर चुना आणि ओली सुपारी. सुपारी अशी जोरदार की कान गरम झाले. "खुब्लेई, काँग," मी म्हटलं. खुब्लेई म्हणजे धन्यवाद, काँग म्हणजे ताई. त्यांनी माझा हात धरून पुढच्या रविवारीही यायला सांगितलं.

सोमवार

कोंगथोंग. शुक्रवारच्या बँडनं बजावलं होतं, तिथे गेल्याशिवाय परत जाऊ नका.

शिलाँगहून अंतर पन्नासेक किलोमीटर, पण सोहराचा मोठा रस्ता सोडला की वळणं आणि दऱ्या, त्यामुळे सकाळ त्यातच गेली. उतारावर झाडूच्या गवताची शेती, सुपारीच्या बागा, मधाच्या पेट्या. गाव दरीच्या काठावर. इथे मूल जन्माला आलं की आई त्याच्यासाठी एक नवी धून रचते. तिला जिंगरवाय इयावबेई म्हणतात. इयावबेई म्हणजे कुळाची मूळ आई. खासी समाजात कूळ आईकडून चालतं, आडनाव आईचं, आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. तेव्हा गाणंही आईकडूनच यायचं. या धुनेला शब्द नसतात. ती त्या मुलाची हाक असते, जन्मभर. घरात, अंगणात बोलवायला धुनेचा छोटा तुकडा. रानात, दरीपलीकडे असलेल्याला बोलवायला पूर्ण लांब धून. जुनी समजूत अशी की रानात नाव घेऊन हाक मारली तर भुतं ते नाव ऐकून ठेवतात, धुनेतून त्यांना माणूस ओळखता येत नाही. माणूस मेला की त्याची धून पुन्हा कोणाला देत नाहीत.

आम्हाला गाव दाखवणाऱ्या काँगला तीन मुलं. तिनं अंगणात उभं राहून तिघांच्या धुना म्हणून दाखवल्या. मोठ्याची धून वरून सुरू होऊन टप्प्याटप्प्यानं खाली येणारी. मधलीची मध्येच एका सुरावर थांबून उडी मारणारी. धाकट्याची अगदी छोटी, पक्ष्याच्या शिटीसारखी. धाकट्याची धून तिनं दुसऱ्यांदा, मोठ्यानं, सुपारीच्या बागेच्या दिशेनं म्हटली. बागेतून उत्तर आलं, तिच्या धुनेत, आईच्या धुनेत. मग पोरगा पळत वर आला, पायाला चिखल, हातात गलोल, आणि कशाला बोलावलं म्हणून आईवर वैतागला.

मावसभावानं फोन काढला नाही, रेकॉर्ड केलं नाही. त्यानं काँगला विचारलं, "या धुना सुचतात कशा?" ती म्हणाली, पोटात असतानाच गुणगुणायला लागते, बाळ झालं की ती पक्की होते, मग रोज त्याच्या कानाशी म्हणायची, म्हणजे त्याला ती आपली म्हणून कळते. दुसऱ्याच्या मुलाची धून घेता येत नाही का, असं मी विचारल्यावर ती हसतच सुटली. घेऊन काय उपयोग, तो दुसराच पोरगा धावत येईल.

परतीच्या वाटेवर मावसभाऊ बराच वेळ बोलला नाही, आणि मग एकदम बोलायला लागला तो शिलाँग येईपर्यंत. पुण्यात जागा कुठली मिळेल, बँड किती, तिकीट किती. "ताई, एक तरी संध्याकाळ अशी करू की कव्हर वाजवायचंच नाही. मग भले चाळीस माणसं येऊ देत." मी म्हटलं, चाळीस मी एकटी आणते.

मंगळवार

सकाळी निघण्याआधी शुक्रवारच्या बँडला पुन्हा भेटलो. दिवाळीनंतर, त्यांची कापणी आणि आपला पाऊस दोन्ही आटोपल्यावर, ते पुण्यात यायला तयार आहेत. रेल्वेनं येतील, क्सिंग आणि दुइतारा बरोबर आणतील, ड्रम किट आणि दोन ॲम्प आम्ही द्यायचे, राहायची सोय माझ्या आणि मावशीच्या घरी. लुखाच्या गाण्याचा मराठी अर्थ छापून दारात वाटायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला हाताशी राहील. आधी मावसभावाचा बँड, मग ते, आणि शेवटी एक गाणं दोघांनी मिळून. जे तिकीट होईल त्यातून आधी प्रवासखर्च, उरलेले दोन्ही बँडना समान.

आता हॉल शोधतोय. दीडशे माणसं मावतील असा, खुर्च्या काढता येतील असा, रात्री दहापर्यंत आवाजाची परवानगी असलेला, आणि शक्यतो बसनं येणाऱ्या पोरांना सोयीचा. कर्वे रस्ता, डेक्कन, सदाशिव पेठ या भागात तीन जागा बघून झाल्या. एका ठिकाणी भाडं परवडेना, दुसरीकडे ड्रम नको म्हणाले. तिसरी जागा म्हणजे शाळेचं सभागृह आहे, मुख्याध्यापिकांनी गाणी आधी ऐकवा म्हटलंय, आणि शनिवारी आम्ही ती ऐकवायला चाललोय.